चंद्रावरची एक रात्र : खानदेशात कमी खर्चात विज्ञानपट कसा करावा

अंतराळात एकट्या राहिलेल्या माणसाची गोष्ट पडद्यावर मांडू पाहणारे तरुण जळगाव-धुळ्याकडे आता बरेच भेटतात, आणि त्यांच्याशी बोलायला बसले की पहिला प्रश्न बहुधा यान कसे दाखवायचे हाच निघतो. तो प्रश्न खरा आहे, पण त्याची पाळी उशिरा येते. एकटेपणा आणि ओळख उभी करायला जे लागते ते जवळपास फुकट मिळते : एक अंतर, एक नाव आणि त्या दोहोंत अडकलेला एक माणूस. दीड-दोन लाख रुपये, मॅन्युअल सेटिंग असलेला मोबाइल किंवा भाड्याचा कॅमेरा, पाच-सहा जण आणि वीस-पंचवीस मिनिटांचा चित्रपट, एवढे हाताशी आहे असे धरून पुढचे लिहिले आहे.

आधी अंतर ठरवा

घटनास्थळ निवडताना ते कसे दिसेल यापेक्षा तिथे निरोप पोहोचायला किती वेळ लागतो, याचा विचार आधी करावा. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. रेडिओ संदेशाला एका दिशेने सुमारे १.३ सेकंद लागतात, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर कानावर पडेपर्यंत सुमारे २.६ सेकंद जातात. मंगळाच्या बाबतीत हाच एकेरी वेळ दोन्ही ग्रहांच्या स्थितीप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटांपर्यंत जातो. त्यामुळे मंगळावरच्या माणसाला घरच्यांशी बोलता येत नाही, फक्त निरोप पाठवता येतात आणि आलेले ऐकता येतात. चंद्रावरच्या माणसाला बोलता येते, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबावे लागते.

कमी खर्चाच्या चित्रपटासाठी मी चंद्रच सुचवीन, आणि त्याचे मुख्य कारण ही २.६ सेकंदांची फट आहे. पहिल्या पाच मिनिटांत नियंत्रण कक्षाशी होणारे रोजचे कोरडे बोलणे दाखवावे : ऑक्सिजनचा दाब, बॅटरीची पातळी, पाण्याचा साठा. प्रत्येक उत्तरापूर्वी तेवढाच थांबा ठेवावा, एकदाही कमी-जास्त करू नये. प्रेक्षकाच्या कानाला ती लय बसली की मग आईचा फोन येऊ द्यावा, आणि एका साध्या प्रश्नावर तिचे उत्तर २.६ ऐवजी ५ सेकंदांनी येऊ द्यावे. चंद्राचे अंतर वाढलेले नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणजे वाढलेला वेळ आईचा आहे, हे त्याचे तो ओळखतो. एवढ्या भारी प्रसंगाला एक रुपयाही लागत नाही. मात्र पटकथा लिहिताना हिशोब ठेवावा. तीस सवाल-जवाब लिहिले तर ७८ सेकंद नुसत्या थांबण्यात जातात, म्हणून बोलणे मोजकेच लिहावे.

मग नाव ठरवा

ओळखीचा प्रश्न म्हटले की माणसाची हुबेहूब प्रतिकृती किंवा पुसलेली स्मृती हे दोन मार्ग लगेच सुचतात. डंकन जोन्स यांचा २००९ सालचा 'मून' हा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो आणि त्याची छाया लेखनावर पडते. तो सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झाला, जे हॉलिवुडच्या मानाने थोडके आणि आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातून घेण्यासारखे निर्णय दोन : सगळा भार एका नटावर टाकणे आणि बाहेरच्या वाहनांसाठी छोटी मॉडेल वापरणे. कथा मात्र आपल्या मातीतली शोधावी.

नमुना म्हणून एक कथासूत्र देतो. चाळीसगाव तालुक्यातल्या, पाटणादेवीच्या डोंगराखालच्या एका गावात दोन भाऊ आहेत. थोरला शिकलेला, त्याची चंद्रावरच्या तळावर देखभालीच्या कामासाठी निवड होते, आणि रुजू होण्यापूर्वीच तो मरतो. घरावर कर्ज आहे. धाकटा, चेहऱ्याने त्याच्यासारखाच, थोरल्याच्या कागदपत्रांवर रुजू होतो. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद रुजू झाल्यावर घेतली गेली म्हणून ती जुळते. पण वैद्यकीय फाइल जुनी, थोरल्याची आहे. आता तो तळावर एकटा आहे, सगळ्या नोंदींत थोरल्याच्या नावाने जगतो आहे, आणि नियंत्रण कक्ष ऐकत असल्यामुळे आईलाही त्याला थोरल्याच्याच नावाने हाक मारावी लागते. तिच्या थांबण्यामागचे कारण हे आहे.

या सूत्राला धार आणणारी वस्तू म्हणजे औषधांचे कपाट. धाकट्याच्या हाताला जखम होते, ती चिघळते, आणि पेनिसिलिनच्या गटातले औषध घ्यायला गेल्यावर कपाट उघडत नाही, कारण थोरल्याला त्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्याचे फाइलमध्ये लिहिले आहे. स्वतःला ते चालते हे त्याला ठाऊक आहे. औषध हवे असेल तर "मी तो नाही" असे त्याने यंत्रापुढे बोलायला हवे, आणि तसे बोलले की नोकरी, घराचे पैसे आणि भावाचे उरलेसुरले नाव हे सगळे जाते. ओळख ही कल्पना अशी एका कुलपात आणून ठेवली की तिच्याविषयी लांबलचक संवाद लिहावे लागत नाहीत.

वास्तवातल्या अंतराळप्रवाशांचे अनुभव लेखकाने अवश्य वाचावेत. सर्गेई क्रिकालेव्ह १८ मे १९९१ रोजी सोव्हिएत नागरिक म्हणून मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे गेले आणि २५ मार्च १९९२ रोजी परतले, तेव्हा तो देश उरला नव्हता. ज्या लेनिनग्राडमध्ये त्यांचा जन्म झाला त्याचे नावही मधल्या काळात सेंट पीटर्सबर्ग झाले होते. वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस मीरवर होते. मॉस्कोत २०१० ते २०११ या काळात सहा जणांना मंगळयात्रेच्या सरावासाठी ५२० दिवस बंद जागेत ठेवले होते, आणि त्यात हळूहळू हालचाल मंदावत गेल्याचे, काहींच्या झोपेचे वेळापत्रक बिघडल्याचे दिसून आले. नटाला हे शेवटचे निरीक्षण फार उपयोगी आहे. एकटेपणा दाखवायचा म्हणून त्याने ओरडू नये, भिंतीवर डोके आपटू नये; पहिल्या दिवशी दोन मिनिटांत होणारे काम दहाव्या दिवशी चार मिनिटे घेऊ लागले, तर प्रेक्षकाला समजते.

कथेचा काळही चंद्राकडूनच घ्यावा. चंद्रावरचा दिवस पृथ्वीच्या साधारण १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच असते. चांद्रयान-३ चे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले, सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला झोपवले, आणि रात्र संपल्यावर ते जागे होईल का याची सगळ्या देशाने वाट पाहिली. ते जागे झाले नाही. त्यामुळे चंद्रावरची रात्र म्हणजे काय हे आपल्या प्रेक्षकाला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. संपूर्ण चित्रपट अशा एकाच रात्रीत बसवला की बाहेरची दृश्ये अंधारी, थोडी आणि म्हणून स्वस्त होतात. सूर्य फक्त पहिल्या आणि शेवटच्या प्रसंगात लागतो.

भाषा

नियंत्रण कक्षाशी हिंदी किंवा इंग्रजी, तळावरच्या संगणकाशी पुस्तकी मराठी आणि आईशी अहिराणी, अशी वाटणी ठेवावी. आपल्याकडचा कुठलाही मुलगा शाळा, कचेरी आणि घर यांत अशा तीन भाषा बोलतच मोठा होतो, त्यामुळे ही वाटणी नटाला सहज जमते. संगणकाला अहिराणी कळत नाही, हे कथेत एकदा तरी प्रत्यक्ष घडू द्यावे : तापात तो अहिराणीत बोलत राहतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा आज्ञा स्पष्ट सांगण्याची विनंती करते.

बोली निवडताना गाव पाहावे. चाळीसगाव, अमळनेर, धुळे, साक्री या पट्ट्यात अहिराणी चालेल. रावेर-यावलचा माणूस असेल तर लेवा गणबोली हवी. नंदुरबारच्या सातपुड्यातला असेल तर भिली किंवा पावरी. संवाद आधी प्रमाण मराठीत लिहून मग शब्द बदलण्याची सवय सोडून द्यावी. ज्याच्या घरात ती बोली बोलली जाते त्याला प्रसंग सांगावा, त्याला बोलू द्यावे आणि ते रेकॉर्ड करून उतरवून घ्यावे. वाक्ये आपोआप आखूड आणि नेमकी होतात.

खोली

यानाचा किंवा तळाचा सेट थर्माकोल आणि चांदीच्या कागदातून उभा करण्याचा मोह होतो, आणि तो कॅमेऱ्यात तसाच दिसतो. त्यापेक्षा आपल्या भागात आधीच बांधलेली जागा शोधावी. रावेर, सावदा, फैजपूर परिसरात केळी पिकवण्याची चेंबर आणि शीतगृहे आहेत. त्यांच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे आत फोम भरलेल्या उष्णतारोधक फळ्यांच्या, पांढऱ्या, गुळगुळीत आणि सांधे सरळ असलेल्या असतात. दाराला जाड रबराची कड आणि बाहेरून-आतून ओढायची मोठी मूठ असते. तो दरवाजा बंद होताना होणारा दबका आवाज आणि रबर दबण्याची ती क्षणभराची ओढ सुताराकडून कितीही पैसे देऊन मिळणार नाही. मालकाशी दोन खेपांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचे भाडे ठरवावे.

इथे सुरक्षिततेबाबत कडक राहावे लागते. केळी पिकवताना खोलीत इथिलीन वायू सोडतात आणि फळांमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून माल निघाल्यावर दारे उघडी ठेवून हवा पूर्ण बदलेपर्यंत आत जाऊ नये, आणि आत जाण्यापूर्वी तिथल्या ऑपरेटरला विचारावे. खोली हवाबंद असल्याने चित्रीकरण चालू असताना दर अर्ध्या तासाने दार उघडावे, आणि दाराबाहेर एक माणूस कायम उभा ठेवावा, ज्याला दुसरे कोणतेही काम दिलेले नाही.

तशी खोली मिळाली नाही तर साधी दहा बाय बाराची खोलीही चालते. केळीचे प्लॅस्टिक क्रेट आडवे रचून राखाडी रंगवले की साठवणीची भिंत होते. ठिबकच्या दुकानात मिळणारे टी, एल्बो, एंड कॅप, ग्रोमेट, बारीक नळ्या, डिस्क फिल्टर आणि व्हेंच्युरी यांची रांग लावली तर हवा-पाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभी राहते. आणि ती पटते, कारण त्या वस्तू खरोखर पाणी वाहून नेण्यासाठी आणि गाळण्यासाठीच बनलेल्या आहेत. टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर थोडा चुरगळून, चंदेरी बाजू वर ठेवून लावला तर उष्णतारोधक आवरणासारखा दिसतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, त्यावरची हिरवी-लाल बटणे आणि काट्याचा मीटर, हे नियंत्रण फलकासाठी उत्तम. कंपनीचे लेबल काढावे, पण वस्तू इतकी झाकू नये की ती ओळखू येणार नाही. प्रेक्षक स्टार्टर ओळखेल आणि हसेल अशी भीती काही जणांना वाटते. माझे मत उलटे आहे. पंप आणि पाइप यांवर जगणाऱ्या मुलुखातला माणूस चंद्रावर गेला तर तिथली यंत्रे त्याच्या हाताला ओळखीची वाटणे स्वाभाविक आहे, आणि थोरल्याच्या नावावर आलेला धाकटा ते काम निभावू कसा शकतो याचे उत्तरही त्यातूनच मिळते : शेतातली मोटार त्याने आयुष्यभर दुरुस्त केलेली आहे.

खानदेशाच्या उंबरठ्यावरच्या मालेगावात लोकांनी लोकप्रिय चित्रपटांची विडंबने अगदी थोड्या पैशांत केली, ती हाताशी असलेल्या वस्तूंवर विसंबूनच. त्यांची विनोदी रीत या विषयाला लागू पडत नसली तरी वस्तूंवरचा तो विश्वास जरूर घ्यावा.

गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत एक निर्णय आधीच करून टाकावा. चंद्रावर ते पृथ्वीच्या एक षष्ठांश असते. तळाच्या आत ते खरेखुरे दाखवणे आपल्या खर्चात बसत नाही, म्हणून आतल्या दृश्यांत वरून खाली पडणारे, ओतले जाणारे किंवा लोंबणारे काही फ्रेममध्ये ठेवू नये. पाणी पिशवीतून नळीने प्यावे, जेवण पाकिटातून घ्यावे, टॉवेल खुंटीवर टांगण्याऐवजी क्लिपने बांधावा. एवढे पाळले की फरक कुणाच्या ध्यानात येत नाही.

बाहेरचा चंद्र

चंद्रावरचे जे काळसर भाग आपल्याला पृथ्वीवरून दिसतात ते बेसॉल्टचे आहेत, आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाणही बेसॉल्टच आहे. म्हणून खडी क्रशरच्या आवारातला राखाडी ढीग चंद्राच्या जमिनीशी नुसत्या रंगाने नव्हे, जातीने जुळतो. फक्त त्यातली बारीक भुकटी वापरू नये. चंद्रावर हवा नसल्यामुळे पायाने उडवलेली धूळ ढगासारखी तरंगत नाही. प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा कमान करून खाली येतो. भुकटी घेतली तर ढग उठतो आणि पृथ्वी उघडी पडते. त्याऐवजी धुतलेली क्रश सँड घ्यावी, जिच्यातली पिठासारखी धूळ निघून गेलेली असते. तिचे कण जवळजवळ तसेच कमानीने पडतात. फुप्फुसांसाठीही तेच बरे, तरी चमूतल्या सर्वांनी चांगल्या प्रतीचा मास्क लावावाच.

आता वेगाचा हिशोब. गुरुत्वाकर्षण सहा पटींनी कमी असेल तर वस्तू पडायला सहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.४५ पट अधिक वेळ लागतो. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमवर लावून चित्रण केले आणि ते २५ फ्रेमने दाखवले, तर वेग बरोबर २.४ पट मंदावतो. साध्या मोबाइलवर असलेली ही सोय चंद्राच्या गणिताशी इतकी नेमकी जुळते, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वात आनंददायक वाटते. नटाने मात्र पावले नेहमीपेक्षा थोडी चपळ टाकावीत, नाहीतर मंदावल्यावर तो पाण्यात चालल्यासारखा दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ६० फ्रेमवर चित्रण करताना शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावे आणि आतल्या २५ फ्रेमच्या दृश्यांत पन्नासाव्या भागावर, म्हणजे दिव्यांची फडफड येत नाही.

बाहेरचे चित्रीकरण खडीच्या खदानीत, रात्री करावे. आकाश आपोआप काळे मिळते, आणि त्यात तारे टाकण्याची गरज नाही. प्रखर उजेडातल्या जमिनीसाठी कॅमेऱ्याचे एक्स्पोजर लावले की तारे दिसतच नाहीत. सूर्य एकच असतो, म्हणून दिवाही एकच असावा : उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स न लावलेला, रिफ्लेक्टर लावलेला दोन-तीनशे वॅटचा एलईडी, जमेल तितका लांब आणि जमिनीपासून फार उंच नाही. जवळ ठेवला तर पुढची जमीन पांढरी आणि मागची काळी होते आणि तो दिवा आहे हे कळते. दुसरा दिवा लावला की माणसाच्या दोन सावल्या पडतात, आणि मग कितीही चांगला पोशाख असला तरी ते दृश्य लग्नाच्या मंडपामागचे वाटते. पृथ्वी दाखवायची असेल तर ती आकाशात जवळपास एकाच जागी स्थिर ठेवावी, कारण चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते. तिचा आकार आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या पावणेचार पटींच्या आसपास ठेवावा.

खदानीच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी, क्रशर बंद असेल तोच दिवस ठरवावा, उभ्या कड्याच्या पायथ्याशी आणि पाणी साचलेल्या खड्ड्याजवळ कुणालाही जाऊ देऊ नये, आणि दिवसाउजेडी येऊन सगळी जागा पायी फिरून पाहावी. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान उरकावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि रात्रीही दगड तापलेले असतात. अंतराळपोशाखातल्या माणसासाठी ते धोक्याचे आहे.

पोशाखासाठी रंगकाम करणारे घालतात तो एकसंध सूट घ्यावा आणि गादीवाल्याकडून त्यावर कापसाचा पातळ थर शिवून घ्यावा. हेल्मेट दुचाकीचे नको, ते कुणीही ओळखते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा घुमट मागवला तर त्यात कॅमेरा, दिवा आणि दिग्दर्शक तिघेही प्रतिबिंबित होतात. त्यावर उपाय म्हणजे जवळच्या शॉटमध्ये पुढची काच काढून टाकणे. प्रेक्षक काच आहे असेच धरून चालतो. घुमट कधीही हवाबंद करू नये, आणि बॅटरीवर चालणारा लहान पंखा मानेमागे लावावा.

एकाच फ्रेममध्ये दोघे

तापाच्या रात्री धाकट्याला टेबलापलीकडे थोरला बसलेला दिसतो. हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो एका नटाकडूनच करून घ्यायचा आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करावा, ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावून कुलूपबंद करावे. टेबलाच्या मध्यावर फ्रेमबाहेरच्या कडेला चिकटपट्टीची एक खूण करावी. त्या रेषेच्या पलीकडे नटाचा हात जायला नको, त्याची सावलीही जायला नको. सावलीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि मग संकलनात कापलेली कड दिसते.

प्रसंगात जो पुढाकार घेऊन बोलतो त्याचे चित्रण आधी करावे, इथे थोरल्याचे. समोरच्या खुर्चीत त्याच उंचीचा दुसरा माणूस बसवावा म्हणजे नजर योग्य ठिकाणी राहते. मग नटाने कपडे बदलावेत, केसांचा भांग बदलावा, आणि धाकट्याचे चित्रण करताना थोरल्याचे रेकॉर्ड केलेले संवाद कानातल्या बारीक इअरफोनवर त्याला ऐकवावेत. शेवटी दोन्ही खुर्च्या रिकाम्या असलेली फ्रेम अर्धा मिनिट टिपून ठेवावी. संकलनात दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून मधल्या रेषेवर मास्क लावावा, म्हणजे वरच्या चित्राचा अर्धा भाग झाकावा, आणि त्याची कड थोडी मऊ करावी. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे सहज होते. खोलीला खिडकी नसल्यामुळे उजेड बदलत नाही, हा आपला मोठा फायदा.

असा जोडलेला शॉट पूर्ण चित्रपटात एकदाच, फार तर दोनदा वापरावा. बाकी सगळा संवाद खांद्यावरून घ्यावा : पाठमोरा दुसरा माणूस, समोर नट. खरा परिणाम जोडकामापेक्षा फरकांतून येतो. थोरला उजव्या हाताने जेवतो, धाकटा डावखुरा. थोरला पाकिटातली पोळी घडी घालून खातो, धाकटा ती कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी असल्यासारखी एका हाताने मोडतो. चित्रपटाच्या सुरुवातीला तळावरच्या कॅमेऱ्यांसमोर धाकटा उजव्या हाताने जेवत असतो, हे प्रेक्षकाने पाहिलेले असावे. दहाव्या दिवशी तो नकळत डाव्या हाताने घास घेतो, तिथे संवाद नको, संगीतही नको.

"तू कोन शेस?" असे धाकट्याने विचारावे आणि थोरल्याने उत्तर देऊ नये, असे मला वाटते. उत्तर लिहिण्याचा मोह आवरावा. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, तेव्हा 'मी कोण' हा प्रश्न खानदेशाला परका नाही. पण चित्रपटात तो मांडून ठेवावा, सोडवायला बसू नये.

नट निवडताना राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्यांकडे पाहावे. त्यांना लांब प्रसंग न तोडता करता येतो, पाठांतर पक्के असते. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची सवय असते, म्हणून तालमी सेटवरच, कॅमेरा तोंडापासून दोन फुटांवर ठेवून घ्याव्यात.

आवाज

बजेटचा तिसरा हिस्सा आवाजाला द्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. तळाच्या आत एक घरघर अखंड चालू हवी, जी प्रेक्षक काही मिनिटांत विसरतो. डीप फ्रीझर, दूरवरून ऐकू येणारी डाळमिल, रात्रीचा ट्रान्सफॉर्मर यांचे आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून एकत्र मिसळावेत. मग योग्य जागी ती घरघर बंद करावी. उन्हाळ्यात रात्री वीज जाऊन पंखा थांबल्याबरोबर झोपेतून जागे होणाऱ्या लोकांना त्या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाहेर, चंद्रावर, हवा नाही म्हणून आवाजही नाही. दगड पडला, दार आदळले, काही ऐकू येता कामा नये. फक्त हेल्मेटच्या आतला श्वास आणि रेडिओ. श्वास नंतर डबिंगमध्ये घेण्यापेक्षा पोशाखाच्या आत कॉलर माइक लावून चालतानाच घ्यावा, कारण दमलेल्या माणसाचा श्वास बसून करता येत नाही. पफ पॅनेलच्या खोलीत आवाज घुमतो. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगाव्यात आणि शीतयंत्राचे पंखे चित्रणापुरते बंद करायला सांगावे.

आईचा आवाज खऱ्या फोनवरून घ्यावा. नटाला खोलीत बसवावे, आईचे काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या घरात, आणि मध्ये एकाने घड्याळ लावून उत्तर रोखून धरावे. नटाला तो थांबा प्रत्यक्ष सोसावा लागला तर चेहऱ्यावर जे येते ते संकलनात लांबवलेल्या शॉटमध्ये येत नाही. नियंत्रण कक्ष तर दाखवूच नये. त्याचा आवाज पुरतो.

संकलन आणि दाखवणे

पहिला कट झाल्यावर थांबे कापण्याचा सल्ला सगळे देतील. २.६ सेकंद कुठेही कमी करू नयेत, कारण एक थांबा आखडला की आईच्या पाच सेकंदांना अर्थ राहत नाही. लांबी कमी करायची असेल तर संपूर्ण प्रसंग काढावा. पृथ्वी आणि चंद्राच्या छायाचित्रांसाठी नासाची बहुतेक छायाचित्रे श्रेय देऊन वापरता येतात, मात्र तिचे बोधचिन्ह वापरू नये. इस्रोचे साहित्य वापरायचे असल्यास आधी परवानगी मागावी.

उपशीर्षके प्रमाण मराठीत द्यावीत, पण अहिराणी संवादांना संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटू देऊ नये. चित्रपटगृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागते, त्यासाठी लागणारा वेळ आणि शुल्क आधीच धरून ठेवावे. महोत्सवांना पाठवण्यापूर्वी ज्या गावच्या बोलीत चित्रपट केला तिथे, शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात, चांगले स्पीकर लावून एकदा दाखवावा आणि आईच्या फोनच्या प्रसंगात कोण कुठे हलते, कुठे कुजबुज होते, हे मागे उभे राहून टिपून घ्यावे. अहिराणी कुठे खोटी वाटते ते तिथले लोक लगेच सांगतात, आणि त्या ओळी पुन्हा डब करून घ्यायला तेव्हा अजून वेळ असतो.